लोसालिनेच्या घराची राहून गेलेली स्लॅब

मी, इसिलेली मातांगी, वय एकाहत्तर, धंदा काँक्रीटचा (आता जावयाकडे), मूळचा टोंगा देशातल्या हापाई बेटांवरचा, सध्या राहणार माउंट ड्रुइट, सिडनी, आज डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाला न भिता आणि कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे लिहून ठेवतो आहे. फुप्फुसांत सिमेंटची धूळ बसली आहे आणि गुडघे कामातून गेले आहेत. स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे. तीच थोडी आधी गेली असती तर चाललं असतं.

हे घर घेतलं तेव्हा मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात मी माझा ट्रक चर्चला दिला होता. तो ट्रक आता नाही आणि ती हौसही उरलेली नाही.

हा मजकूर मी सांगतो आहे आणि माझी मुलगी मेलेआने टाइप करते आहे. वकील म्हणाला, थोडक्यात लिहा. तो थोडक्यात जगला असेल.

कलम एक. माझ्यामागे या मृत्युपत्राचा अंमल मेलेआनेने करावा. तिला माझ्यासारखी घाई नाही आणि तिच्या आईसारखी ती पाकिटं आल्या दिवशीच उघडते.

कलम दोन. राहतं घर मेलेआने आणि तिचा नवरा सेमिसी या दोघांना द्यावं. अजून थोडं कर्ज आहे, ते त्यांना माहीत आहे. या घराला दोन दारं आहेत. माझी मोठी बहीण लोसालिने पुढच्या दाराने आत आली की मी मागच्या दाराने बाहेर जातो. यात भांडण काही नाही. आमच्यात भाऊ वयात आला की बहिणीसोबत एका खोलीत बसत नाही, तिच्यासमोर मोठ्याने हसत नाही, तिचा मान आपल्यापेक्षा वरचा. तिचा निरोप मला आणि माझा तिला पोहोचवायला आधी आई होती, मग माझी बायको कालोलाइने, आणि मेलेआने मोठी झाल्यापासून ती. मागच्या दाराच्या बिजागऱ्या मी किती वेळा बदलल्या त्याची मोजदाद नाही. नव्या मालकांनी त्या दाराला तेल देत राहावं.

कलम तीन. बँकेत आता माझं एकच खातं आहे. त्यात जे आहे ते माझं आणि फक्त माझं आहे. दुसऱ्या कुणाचा एक डॉलरही त्यात नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे. का लिहितो, ते आमच्या मंडळींना ठाऊक आहे, पण नातवंडांना कुणी खरं सांगेल याची खात्री नाही, म्हणून सांगतो.

माझ्या हाताखाली चौदा माणसं होती तेव्हाची गोष्ट. त्यांच्या पगारातून मी कर कापत होतो आणि बिलांवर जीएसटी लावत होतो. हे पैसे सरकारचे, आपण फक्त सांभाळायचे, एवढं मला कळत होतं. पण ते सगळे एकाच खात्यात पडून असायचे आणि खातं उघडून पाहिलं की छाती फुगायची. मग यायचा आमचा मिसिनाले, चर्चचा वर्षाच्या दानाचा दिवस. एकेका घराण्याचं नाव पुकारतात, घराणं नाचत पुढे जातं, टेबलावर नोटा ठेवतं, आणि मोजून झालं की आकडा माइकवर. एका वर्षी आमच्याच चर्चमधल्या नाफेतालाईचं घराणं आकड्यात आमच्यापुढे गेलं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पुढच्या वर्षी मी दुप्पट टाकले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर, आणि ते पैसे कुठून आले हे माझ्या बँकेतल्या खात्याला माहीत होतं. कर खात्यात कुणी आपलं नाव माइकवर घेत नाही. तिथे भरले काय आणि राहिले काय, कोण बघतो, असं मला वाटायचं.

त्यांची पत्रं यायची. मी ती ट्रकच्या डॅशबोर्डवर टाकून द्यायचो. कालोलाइने एकदा ट्रकमध्ये बसली आणि म्हणाली,

"अहो, ही उघडत का नाही तुम्ही?"

"वेळ होत नाही."

"न उघडल्याने आतला आकडा कमी होतो की काय?"

"तू गप बस. पुढच्या बिलात सगळं निघून जाईल."

"तुमचं ते पुढचं एक बिल आजवर किती जणांना कबूल करून झालंय!" ती म्हणाली, आणि उरलेली वाट खिडकीबाहेर बघत बसली. ती आज नाही. असती तर हे कलम तिलाच लिहायला सांगितलं असतं.

त्याच वर्षी लोसालिने वृद्धाश्रमातल्या सफाईच्या कामातून निवृत्त झाली. एकरकमी पैसे मिळाले. तिला गावी, लिफुका बेटावर, वडिलांच्या जागेवर दोन खोल्यांचं घर बांधून तिथे राहायचं होतं. सिमेंट, सळई, पत्रे, लाकूड माझ्या दुकानदाराकडून माझ्या नावाने घेतलं की स्वस्त पडायचं. म्हणून तिने सगळी रक्कम माझ्या खात्यात घातली. नाताळात मी चार पोरं घेऊन जाणार होतो आणि घराखालची, पायाची स्लॅब स्वतःच्या हाताने टाकणार होतो. मेलेआनेबरोबर तिचा निरोप आला होता: "त्याला म्हणावं, स्लॅब जाड टाक. वादळात आमचं आधीचं घर गेलं ते पायासकट गेलं."

तिचे पैसे सोमवारी जमा झाले. सामानाची ऑर्डर मी शुक्रवारी देणार होतो. गुरुवारी आम्ही सेंट मेरीजला एका गोदामाचं अंगण भरत होतो. फळ्या ठोकलेल्या, सळया बांधलेल्या, पोरं गुडघ्यापर्यंत बूट घालून उभी. काँक्रीटची पहिली गाडी गोरानची. तो मॅसेडोनियाचा, माझ्या कामांवर वर्षानुवर्षं गाडी आणायचा. त्याची गाडी रिकामी झाली, दुसरी फाटकापाशी आली आणि तिथेच थांबली.

गोरान फोन कानाला लावून माझ्याकडे आला. "इसी, प्लांटवाले म्हणतात पैसे आले नाहीत. मागच्या गाड्या परत बोलावतायत."

"येतील रे. बँकेचं काहीतरी अडलं असेल."

"बघ एकदा. काँक्रीट बँकेसाठी थांबत नाही."

मी बघितलं. कर खात्याने बँकेला हुकूम दिला होता आणि बँकेने खातं धुऊन दिलं होतं. पोरांचा त्या आठवड्याचा पगार, प्लांटचे पैसे, लोसालिनेचं घर, सगळं गेलं. मी तिथेच फळीवर बसलो. सेमिसी तेव्हा नुकताच आमचा जावई झाला होता. तो म्हणाला, "बाबा, पुढे काय? हे अर्धंच राहतंय. कडा वाळायला लागल्या." त्याला वाटलं मी स्लॅबबद्दल विचार करतो आहे.

अर्धी पडलेली स्लॅब सुकली की पुढचं काँक्रीट तिला नीट धरत नाही. सांधा दिसत राहतो आणि पहिली चीर तिथूनच जाते. गोदामवाल्याने ती घेतली नाही. दोन दिवस ब्रेकर लावून आम्ही ती फोडली, आणि फोडायचे पैसेही माझ्याच अंगावर आले. पोरांनी त्या आठवड्यात पगार मागितला नाही. कालोलाइनेने पातेलं भरून तारोच्या, म्हणजे अळूच्या, पानांतलं मटण केलं, ते पोरांनी खाल्लं आणि सोमवारी सगळी पुन्हा कामावर आली. त्या पोरांची नावं सेमिसीकडे आहेत. माझ्या अंत्ययात्रेत त्यांना पुढे चालू द्यावं.

कर खात्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा फोन केला. एका मुलीने उचलला. आवाज गोड होता. मला सर म्हणाली.

"त्यातले बरेचसे पैसे माझ्या बहिणीचे आहेत," मी म्हणालो.

"खातं कुणाच्या नावावर आहे, सर?"

"माझ्या."

"पैसे बहिणीचे असल्याचं लेखी काही आहे का?"

"बाई, आमच्यात बहिणीला कुणी कागद करून मागत नाही."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला समजतंय, सर. पण माझ्यासमोर फक्त तुमचं नाव दिसतंय."

तिचा काही दोष नव्हता. मीच इतकी वर्षं सरकारचे पैसे आपले म्हणून माइकसमोर ठेवले होते. आता सरकारने बहिणीचे पैसे माझे म्हणून नेले, तर मी कुणाला काय बोलणार?

मग ग्रॅनव्हिलला त्रिन्हबाईंकडे गेलो. त्या हिशेब बघतात. डॅशबोर्डवरची सगळी पत्रं त्यांच्यासमोर ओतली. त्यांनी एकेक फोडून तारखेप्रमाणे लावलं आणि म्हणाल्या, "पहिल्या पत्राला फोन केला असतात तर हप्ते बांधून दिले असते. दुसऱ्याला केला असतात तरी दिले असते. इथे तर लिहिलंय, बोला आमच्याशी. तुम्ही गप्प का बसलात?"

"लाज वाटली."

"मग आता वाटत नाही का?"

बाईंची जीभ अशी आहे, पण काम चोख. त्यांनी राहिलेल्या रकमेचे हप्ते करून घेतले, पुढच्या पगारांपुरतं खातं मोकळं करून घेतलं, आणि करासाठी वेगळं खातं उघडायला लावलं, ज्याचं कार्डच मला दिलं नाही. ट्रक विकला. घर पुन्हा गहाण टाकलं. गेल्या वर्षी शेवटचा हप्ता गेला. सेमिसी, आता धंदा तुझा आहे. पत्र आल्या दिवशी उघडायचं आणि फोन आपण करायचा, त्यांची वाट बघायची नाही. आणि "दोन दिवस तुझ्या खात्यात ठेव" म्हणत कुणी पैसे घेऊन आलं, मग ती सख्खी आई का असेना, तर तिला जेवायला घाल आणि पैसे परत दे.

या खात्यातली शिल्लक आणि माझ्या निवृत्तीच्या फंडातून जे येईल ते, यांचं काय करायचं ते कलम पाचमध्ये आहे.

कलम चार. हत्यारं. काँक्रीट दाबून बसवायचे दोन्ही व्हायब्रेटर, लांब दांड्याचे पाटे, थाप्या आणि छोटा मिक्सर सेमिसीला. मिक्सर विकू नये, तो लागणार आहे. माझी रुंद थापी नाफेतालाईने एका इस्टरला नेली ती परत आणली नाही. ती आता त्यालाच दिली असं समजावं, म्हणजे ती चोरी राहणार नाही आणि त्याच्या मनाला टोचेल. शिवाय कर खात्याच्या पत्रांची रिकामी पाकिटं मी एका खोक्यात ठेवली आहेत, तेही त्यालाच द्यावं. खातं गेल्याचं कळल्यावर कावा, म्हणजे आमचं मुळ्यांचं पेय, पिताना तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मातांगी, यंदाचं दान थेट सरकारला दिलंत म्हणे!" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मला आज सुचतंय, पण ते मेलेआने टाइप करत नाही.

कलम पाच. लोसालिनेबद्दल.

पैसे गेल्याचं तिला सांगायला मेलेआने गेली होती. मी गाडीत बसून राहिलो. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, "काय म्हणाली आत्या?"

"म्हणाली, जेवला का तो?"

एवढंच. त्या दिवशी तिने मला शिव्या दिल्या असत्या, टोंगन चालीने अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा, तर मी आज सुखाने मेलो असतो.

पुढे तीन आठवड्यांनी मिसिनाले आला. आमचं नाव पुकारलं. खिशात काही नव्हतं, मी जागचा हललो नाही. माइकवाल्याने दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा बायकांच्या बाकांवरून लोसालिने उठली. एकटीच नाचत पुढे गेली. गुडघे तेव्हाच दुखत होते तिचे. तिने टेबलावर नोटा ठेवल्या आणि माइकवर आलं, "मातांगी घराणं, दोनशे डॉलर." मागून कुणीतरी खोकलं. आणि मी, ज्याने तिचं घर घालवलं तो मी, त्या आकड्याच्या लाजेने बाजूच्या दाराने बाहेर पडलो. ती परत फिरली तेव्हा तिला माझी रिकामी खुर्ची दिसली असणार. कर खात्याने नेलं ते मी विसरू शकतो. ती खुर्ची नाही विसरू शकत.

त्यानंतर जमेल तसे पैसे मी मेलेआनेच्या हाती पाठवत गेलो. प्रत्येक वेळी पाकीट परत आलं, आणि निरोप तोच: "मी त्याला पैसे दिले होते घर बांधायला. परत द्यायला नाही दिले."

मला वाटायचं हा राग आहे. वाटायचं, माझं तोंड बंद करायला असं म्हणते. मग हप्ते, मग कालोलाइनेचं आजारपण, मग माझी फुप्फुसं. एका नाताळात चार पोरं घेऊन जायचं काम होतं. विमानाची तिकिटं उसनी मिळाली असती. गेलो नाही. दोन खोल्यांची स्लॅब एका दिवसाचं काम आहे, आणि मी आयुष्यभर अनोळखी लोकांची गोदामं भरत राहिलो.

(इथपर्यंत टाइप झालं आणि पुढचं दार वाजलं. लोसालिने केळ्यांचे वडे घेऊन आली होती. मी उठून मागच्या पायरीवर जाऊन बसलो. दार नीट लागत नाही, त्यामुळे आतलं ऐकू आलं. ते मेलेआनेने जसंच्या तसं लिहावं असं मी तिला सांगितलं आहे.

"काय गं बडवतेस एवढं?"

"बाबांचं मृत्युपत्र आहे, आत्या."

"हं. माझ्या घराचं लिहिलं का त्यात?"

मेलेआने म्हणते, तिने मान डोलावली.

"मग त्याला सांग, निजायच्या खोलीची खिडकी समुद्राकडे नको. सगळ्यांना वाटतं समुद्र बघायला मिळावा. मला नको. खारा वारा येतो आणि रात्रभर गुडघे धरतात. खिडकी फणसाकडे. आणि दाराला पायरी एकच, दोन नको. हे वडे गरम आहेत तोवर दे त्याला."

म्हणजे तो राग नव्हता. सत्त्याहत्तर वर्षांची बाई अजून खिडकी कुठे हवी ते ठरवते आहे. ती इतकी वर्षं नुसती वाट बघत होती, आणि मी निरोप चुकीचा समजत होतो. वडे मी खाल्ले.)

तेव्हा आधी जे सांगणार होतो ते बदलून असं लिहितो. कलम तीनमधली सगळी रक्कम लोसालिनेच्या लिफुका बेटावरच्या घरासाठी वापरावी, आणि तिला ती पैसे म्हणून देऊ नये, घर म्हणून द्यावी. आमच्या देशात जमीन मृत्युपत्राने देता येत नाही, पण माझ्यामागे ती जागा ज्याच्याकडे जाईल त्या पुतण्याने फोनवर शब्द दिला आहे की ती जिवंत असेतोवर तिला तिथून कुणी उठवणार नाही. सेमिसीने मिक्सर आणि पोरं घेऊन जावं. माझ्या मरणाची वाट बघू नये. येत्या नाताळात जावं. मी तोवर असलो तर खुर्चीत बसवून मलाही न्यावं, मी पाण्याचं प्रमाण सांगेन. स्लॅब जाड टाकावी आणि एका दमात भरावी, मधे थांबू नये. खिडकी फणसाकडे. पायरी एक.

कलम सहा. चर्चला पन्नास डॉलर. माइकवर नाव घेऊ नये. घेतलंच तर लोसालिनेचं घ्यावं.

कलम सात. अंत्यविधी. डुकरं आणि घोडा कापणं, तीनशे माणसांचं जेवण, यातलं काही नको. डब्यातलं मांस आणि उकडलेला तारोचा कंद पुरे. वाचतील ते पैसे कलम पाचमध्ये घालावेत. लोक भेट म्हणून चटया आणि झाडाच्या सालीचं कापड घेऊन येतीलच, ते कुणाला थांबवता येत नाही. ते सगळं रीतीप्रमाणे लोसालिनेचं. वडिलांच्या बहिणी कुणी राहिल्या नाहीत, तेव्हा प्रेताच्या उशाशी बसण्याचा मानही तिचाच. तिच्यासाठी पाठ असलेली खुर्ची ठेवावी, जमिनीवर बसवू नये.

(मेलेआने विचारते, "बाबा, आत्या तुमच्या आधी गेली तर?" हे कलम लिहीत असताना असं विचारू नये.)

पेटी पुढच्या खोलीत ठेवावी. लोसालिने आली की बाकीच्यांनी थोडा वेळ बाहेर अंगणात जावं, निरोप्या म्हणून मेलेआनेनेही थांबू नये. दार लावून घ्यावं. ताईला जे बोलायचं असेल ते बोलू द्या, रडायचं असेल तर रडू द्या, खिडकीबद्दल सांगायचं असेल तर तेही सांगू द्या. कुणी घाई करू नका. त्या दिवशी मी उठून मागच्या दाराने जाणार नाही.

हे मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे, आणि खालची सही माझ्या हाताची आहे. ती थोडी वाकडी आली आहे.

इसिलेली मातांगी

आमच्या दोघांच्या देखत इसिलेली यांनी सही केली, आणि आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही:

१. थुई त्रिन्ह, हिशेबनीस, ग्रॅनव्हिल
२. गोरान स्टेफानोव्ह, निवृत्त काँक्रीट गाडीचालक, सेंट मेरीज

स्थळ: माउंट ड्रुइट, घराची पुढची खोली
दिनांक: नऊ ऑगस्ट दोन हजार पंचवीस, शनिवार